सहा ओळी खोडल्या आहेत, रागावू नकोस

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

तुझा रेझ्युमे काल रात्री मोबाइलवर वाचला, आज सकाळी प्रिंट काढून परत वाचला आणि लाल पेनाने सहा ओळी खोडल्या. फोनवर सांगितलं असतं तर 'हो गं, कळलं' म्हणून तू विषय संपवला असतास, म्हणून लिहायला बसले.

खोडलेली पहिली ओळ बहुतेक तुझी सगळ्यात लाडकी असणार. 'लोकांना मदत करण्याची मनापासून आवड असलेली, मेहनती आणि सकारात्मक व्यक्ती.' अगं, आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे कामापासून दूर राहिलेल्यांना नोकरी मिळवून देणाऱ्या एम्प्लॉयमेंट स्पेशालिस्टच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येकालाच लोकांना मदत करायची असते. नसती तर एवढ्याशा पगारात या वाटेला कोण गेलं असतं? मी या कामात अकरा वर्षं काढली, त्यातली शेवटची चार वर्षं नवी माणसं निवडायलाही बसत होते. अर्जांच्या गठ्ठ्यात ही ओळ इतक्यांदा यायची, की डोळे तिच्यावरून आपोआप घसरायचे. निवडणाऱ्याला तीनच गोष्टी हव्या असतात. हिने किती जणांना कामाला लावलं, ते तिथे टिकले का, आणि मालकांच्या दारात जाऊन बोलायला ही बिचकते का.

तिसऱ्या गोष्टीबद्दल तुझ्या रेझ्युमेत अवाक्षर नाही. आणि कॉल सेंटरमधली तीन वर्षं तू शेवटी, एका ओळीत, लाज वाटल्यासारखी दडपली आहेस. ती वर आण. या कामाला दोन बाजू असतात. एका बाजूला काम हवं असलेला माणूस, दुसऱ्या बाजूला काम देणारा. अर्ज करणारे बहुतेक जण पहिल्याच बाजूबद्दल पानभर लिहितात. दिवसभर अनोळखी लोकांशी बोलून, निम्म्यांचा 'नको' ऐकूनही पुढचा नंबर फिरवणं ही दुसऱ्या बाजूची तयारी आहे, आणि ती तुझ्याकडे आहे.

तू पाठवलेली जाहिरात नीट वाचलीस का? तिच्यात आयपीएस, म्हणजे इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट, असं स्पष्ट लिहिलंय आणि तुझ्या रेझ्युमेत तो शब्दच नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेत ही पद्धत उभी केली. त्याआधीची रीत अशी होती, की माणसाला आधी वर्षानुवर्षं 'तयार' करायचं आणि मग जमलं तर नोकरीला पाठवायचं. यांनी ते उलटं केलं. ज्याला काम करायचंय त्याला लवकरात लवकर खऱ्या नोकरीत घालायचं आणि शिकवायचं ते तिथेच, त्याच्या शेजारी उभं राहून. एका स्पेशालिस्टकडे २०पेक्षा जास्त माणसं नकोत, आठवड्यात निदान ६ वेळा मालकांना प्रत्यक्ष भेटायचं, अशा त्यांच्या मोजायच्या कसोट्या आहेत. ही मोजदाद करणारी माणसंच तुझा कागद वाचणार आहेत. त्यांना 'सकारात्मक' हा शब्द कुठल्या रकान्यात बसवायचा ते कळणार नाही.

आता पुनर्वसन केंद्रातल्या तुझ्या कामाकडे येते. तू लिहिलंयस, 'क्लायंट्सना नोकरी शोधण्यात मदत केली.' या वाक्यात तू कुठे आहेस? हे वाक्य तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या कुणाच्याही रेझ्युमेत तसंच्या तसं चालेल. परवा मी खोदून खोदून विचारलं तेव्हा तू डायरी उघडलीस आणि आकडे सांगितलेस. तेच लिही. '१८ महिन्यांत २३ जणांबरोबर काम. १४ जणांना नोकरी. त्यातले ११ जण ९० दिवसांनंतरही कामावर.' म्हणजे ९ जणांना नोकरी लागली नाही हे उघड दिसतं, असं तू म्हणशील. दिसू दे. २३ पैकी २३ लिहिणाऱ्याचा अर्ज मी बाजूला ठेवायचे. असा माणूस एकतर थापा मारतो, नाहीतर ज्यांना सहज काम मिळेल अशांनाच निवडून घेतो. ज्याला काम करायची इच्छा आहे त्याला आजाराचं किंवा भूतकाळाचं कारण सांगून परत पाठवायचं नाही, हा आयपीएसचा पायाच आहे. आणि ९० दिवस गाळू नकोस. नोकरी लागणं सोपं असतं. पहिल्या दोन महिन्यांत बस चुकते, सुपरवायझर आवाज चढवतो, जेवायला कुणी शेजारी बसत नाही, आणि माणूस चौथ्या सोमवारी जायचंच बंद करतो.

गोदामातल्या त्या दादांची गोष्ट तर तू लिहिलीच नाहीस! मला सांगताना किती रंगून सांगितली होतीस. सगळे म्हणत होते त्यांना काम जमत नाही. तू तीन दिवस त्यांच्याबरोबर उभी राहिलीस आणि तुझ्या लक्षात आलं, की खोकी उचलणं, रचणं, मोजणं सगळं जमतंय, फक्त लेबलावरचा आठ आकडी नंबर वाचताना गोंधळ होतोय. मग तू सुपरवायझरच्या मागे लागून रॅकना रंगीत पट्ट्या लावून घेतल्यास. हेच असं येऊ दे: 'गोदामातील कामाचे टप्पे पाडून जागेवर शिकवले, रॅकवर रंगीत खुणांची सोय मालकाकडून करून घेतली, प्रत्यक्ष मदत रोजवरून आठवड्यातून एकदावर आणली.' जाहिरातीत टास्क ॲनालिसिस, म्हणजे कामाचे टप्पे पाडणं, आणि रीझनेबल अकोमोडेशन, म्हणजे माणसाला काम जमावं म्हणून मालकाने करून दिलेली सोय, हे दोन्ही शब्द आहेत. पहिल्या तुकड्यापुढे एक शब्द घाल, दुसऱ्यापुढे दुसरा. त्यांचेच शब्द वापरण्यात कमीपणा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या दिव्यांग हक्क कराराच्या कामाविषयीच्या २७व्या कलमातही अशा सोयींची जबाबदारी स्पष्ट लिहिलेली आहे. म्हणजे तू सुपरवायझरकडे मेहेरबानी मागितली नव्हतीस, हे तुलाही ठाऊक असू दे.

एक ओळ मात्र मी दोनदा खोडली, कागद फाटेस्तोवर. स्किझोफ्रेनिया असलेल्या तरुणाला तू अमुक कंपनीत काम मिळवून दिलंस, ती. नाव नाही घातलंस, मान्य. पण त्या कंपनीत त्या महिन्यात किती जण नव्याने लागले असतील? रेझ्युमे कुणाच्या हातात जाईल याचा नेम नसतो. आजार, वय, कंपनी, तिन्ही काढून टाक. नोकरी सेवाक्षेत्रातली होती एवढं पुरे.

यावर मी इतकी का चिडते ते तुला कधी सांगितलं नव्हतं. पहिल्याच वर्षी एका मुलाचा रेझ्युमे मी लिहून दिला होता. मधली दोन वर्षं रिकामी होती. वाचणाऱ्याला सहानुभूती वाटेल म्हणून तिथे मी 'आजारातून बरा होत आहे' असं टाकलं आणि चार ठिकाणी पाठवलं. त्याला विचारलं नाही. त्याने ती प्रत माझ्या टेबलावर पाहिली. ओरडला वगैरे नाही. म्हणाला, 'मॅडम, हे सांगायचं की नाही ते मी ठरवणार होतो.' आणि परत आला नाही. एकाही ठिकाणाहून त्याला बोलावणं आलं नव्हतं, पण मला त्याचं तेवढं वाटत नाही.

तुझ्या स्वतःच्या आठ महिन्यांचंही तेच. महिने गाळून नुसती सालं लिहिलीस की ते झाकले जातील असं वाटलं ना? तारखा बघायची सवय असलेला माणूस हे पहिल्या मिनिटात पकडतो. 'कौटुंबिक जबाबदारीसाठी ८ महिन्यांचा खंड' असं एका ओळीत लिही, महिन्यांसकट. यापेक्षा जास्त सांगायचं की नाही ते तू ठरव. उद्या तुझ्यासमोर बसणाऱ्या प्रत्येकाच्या कागदावर असा खंड असणार आहे. आजोबांची सेवा मात्र 'अनुभव' म्हणून मांडू नकोस. त्यांना 'क्लायंट' झालेलं अजिबात चाललं नसतं.

बाकी किरकोळ. दोन कॉलमची ती रंगीत डिझाइन काढून टाक; बऱ्याच ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि चौकटींतला मजकूर त्याला उलटसुलट दिसू शकतो. एक्सेलला पाचपैकी चार तारे दिलेस, ते कुणी दिले? तारे काढ, त्यापेक्षा एक्सेलमध्ये काय ठेवायचीस ते लिही. तुला येणाऱ्या भाषा वर घे. ड्रायव्हिंग लायसन्सही वर घे, जाहिरातीत मागितलंय आणि या कामात ऑफिसात बसायला फारसं मिळत नाही. छंद नकोत. दीड पान झालं तर झालं, एका पानात कोंबायला अक्षरं बारीक करू नकोस. माझ्यासारख्या चष्मेवाल्या बायका वाचतात हे.

रविवारपर्यंत दुसरा खर्डा पाठव. आणि फाइलचं नाव 'रेझ्युमे फायनल फायनल ३' असं आहे, ते आधी बदल. पाठवलेल्या फाइलचं नाव त्यांनाही दिसतं.

तुझी,
आई