मिलच्या रोलरचा इतिहास आम्हाला परत हवा आहे

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मालमत्तेची बहुस्तरीय वर्गवारी बसवताना नोंदी एकमेकींत मिसळल्याबद्दल तक्रार

महोदय,

तुमचे मालमत्ता व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर आमच्या सहकारी साखर कारखान्याने गेल्या गणेशोत्सवाच्या सुमारास घेतले. कारखान्यात देखभाल नियोजनाचे काम मी पाहतो. हे सॉफ्टवेअर घ्यावे अशी शिफारसही मीच संचालक मंडळाकडे केली होती, म्हणून हे पत्र मी स्वतः लिहीत आहे. तुमच्या सेवा केंद्राकडे चार वेळा तक्रार नोंदवली. चारही वेळा ती ‘सोडवली’ असा शेरा मारून बंद झाली. काहीही सुटलेले नाही.

सॉफ्टवेअर दाखवायला आलेल्या तुमच्या प्रतिनिधीने पडद्यावर फर्निचर, त्याखाली खुर्ची, त्याखाली फिरती खुर्ची अशी उतरंड रचून दाखवली होती. मी तेव्हाच विचारले होते, की याच्या खाली आणखी किती पायऱ्या जातात? ‘हव्या तितक्या,’ असे उत्तर मिळाले आणि तेच शब्द तुमच्या प्रस्तावातही छापलेले आहेत. त्या दोन शब्दांवर विसंबून आम्ही पूर्ण गळीत हंगामभर वर्गवारीचे काम केले. दिवसा कारखाना चालवायचा आणि पाळी संपली की चीफ इंजिनिअर, स्टोअरकीपर, मिल हाउसचे दोन जुने फिटर आणि मी असे बसायचो. कपाटातली हिस्टरी कार्डे, म्हणजे एकेका यंत्राच्या दुरुस्तीच्या नोंदी, डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे कायम सामानाची नोंदवही, फिटरांच्या खिशातल्या वह्या, सगळे समोर घेऊन एकेका यंत्राची जागा ठरवली. आधी विभाग, म्हणजे ऊस गाळला जातो ते मिल हाउस. त्यात मिल टँडम, म्हणजे एकामागून एक बसवलेल्या मिलची रांग. टँडममध्ये मिल क्रमांक १ ते ४. प्रत्येक मिलमध्ये टॉप, फीड आणि डिस्चार्ज हे तीन रोलर. आणि प्रत्येक रोलरखाली त्याचा शाफ्ट (मधला दांडा), शेल (त्यावरचे कवच), ब्रास बेअरिंग. ही पाच स्तरांची उतरंड हौसेने लांबवलेली नाही. मिल मुळात बनलीच आहे तशी.

मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि आम्ही तुमच्याच नमुना तक्त्यात सारी माहिती भरून सॉफ्टवेअरमध्ये चढवली. पडद्यावर ‘आयात यशस्वी’ असे हिरव्या अक्षरात आले. एकही चूक दाखवली गेली नाही. प्रत्यक्षात तिसऱ्या स्तराखालचे सगळे तुमच्या प्रणालीने वर ओढून तिसऱ्याच स्तरावर आणून ठेवले होते, आणि ज्यांची नावे सारखी, त्यांना एकच वर्ग समजून एकत्र केले होते. आमच्या चार मिलचे चार टॉप रोलर. चौघांचे नाव ‘टॉप रोलर’. चौघांचा मिळून एक वर्ग झाला, एकच इतिहास झाला. फीड रोलरचे तेच, डिस्चार्ज रोलरचे तेच. बारा रोलरांचे तीन राहिले.

हे आम्हाला जूनमध्ये कळले, कारण रोलर ओव्हरहॉलिंगसाठी तेव्हा बाहेर निघाले. याचा अर्थ काय होतो, हे तुमच्या कार्यालयात बसून कदाचित लक्षात येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. रोलरच्या शेलवरचे खाचे हंगामात झिजतात. ऑफ-सीझनमध्ये ते पुन्हा कापावे लागतात आणि दर वेळी व्यास थोडा कमी होतो. कोणत्या रोलरचा व्यास आज किती उरला आहे, यावरून मिलचे सेटिंग, म्हणजे रोलरांमधले अंतर, काढायचे असते. व्यास फार घटला की शाफ्टवर नवे शेल चढवावे लागते. जर्नल, म्हणजे शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, किती झिजले आहे आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या) तपासणीत शाफ्टमध्ये भेग दिसली होती का, हेही त्या कार्डावरच असते. मिल क्रमांक ३ च्या टॉप रोलरच्या शाफ्टवर दोन हंगामांपूर्वी ‘लक्ष ठेवावे’ असा शेरा आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो शेरा आहे, पण तो चौघांपैकी कोणाचा, हे सांगता येत नाही. भर हंगामात शाफ्ट तुटला तर टँडम थांबतो. तोडलेला ऊस गाड्यांवर वाळत राहतो. त्याचे वजन घटते, उतारा, म्हणजे त्यातून निघणारी साखर, घटतो. वजन घटले की नुकसान शेतकऱ्याचे होते, आणि हाच शेतकरी आमचा सभासद आहे. म्हणून ही तक्रार केवळ संगणकावरची गैरसोय आहे, असे कृपया समजू नका.

आम्ही कळवले तेव्हा तुमच्याकडून सल्ला आला, की वर्ग कमी करा आणि मिलचा क्रमांक नावातच लिहा. ‘टॉप रोलर मिल ३’ असे. नावात क्रमांक घातल्याने चार रोलर वेगळे दिसतील हे खरे. पण ‘मिल ३ वर या वर्षी एकूण खर्च किती झाला’ असे विचारले, तर बेरीज कोण करणार? खालच्या घटकांचा खर्च वरच्या यंत्रावर आपोआप जमा व्हावा, म्हणूनच तर उतरंड लागते. ती बेरीज कॅल्क्युलेटरवर करायची असेल, तर आमचे जुने रजिस्टर काय वाईट होते?

दुसरी गोष्ट मला त्याहून गंभीर वाटते. तुमच्याकडे वर्गवारीचे झाड एकच आहे. यंत्र कुठे आहे, यंत्र कोणत्या जातीचे आहे आणि हिशेबात ते कोणत्या गटात बसते, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही तिघांना एकाच फांदीवर बसवले आहे. बॉयलर विभागाच्या कार्यालयात एक संगणक आणि एक टेबल आहे. जागेप्रमाणे आम्ही ते वर्गवारीत बॉयलरखाली ठेवले, तर दोघांना वरून यंत्रसामग्रीचा १५ टक्के घसारा लागला. आयकरात संगणकाला ४० आणि फर्निचरला १० टक्के आहे. लेखापालांनी ताळेबंदाच्या वेळी हे पकडले. असे किती ठिकाणी झाले असेल, ते आम्ही अजून शोधतो आहोत.

मग मिल हाउसमधली ईओटी क्रेन (छताखालून सरकणारी विजेवरची क्रेन) आणि सगळे चेन ब्लॉक (साखळीचे उचल यंत्र) ‘उचल यंत्रे’ अशा वेगळ्या वर्गात हलवून पाहिले. उचल यंत्रे, साखळ्या आणि दोर यांची सक्षम व्यक्तीकडून ठरावीक मुदतीत कसून तपासणी करावी लागते. ती सगळी यंत्रे एका यादीत दिसावीत, एवढाच हेतू होता. वर्ग हलवताच त्यांच्या तपासणीच्या सूचना पुसल्या गेल्या, कारण तुमच्याकडे सूचना यंत्राला जोडलेली नसते, वर्गाला जोडलेली असते. हलवण्यापूर्वी एक ओळीचा इशाराही आला नाही. दोन चेन ब्लॉकची मुदत त्याच महिन्यात संपत होती. आमच्या फिटरने जुन्या वहीत पाहून ते बाजूला काढले, म्हणून ते वापरात राहिले नाहीत. रोलर उचलायचे काम चालू असताना त्या साखळीखाली माणसे उभी असतात. ही एक गोष्ट मी विसरू शकत नाही.

हे सारे अशक्य कोटीतले मागणे नाही. तेल आणि नैसर्गिक वायू उद्योगासाठीच्या आयएसओ १४२२४ या मानकात उतरंड ९ स्तरांची आहे. त्यातले वरचे ५ स्तर यंत्र कोणत्या उद्योगात, कुठे आणि कशासाठी आहे ते सांगतात, खालचे ४ स्तर ते यंत्र आतून कशाचे बनले आहे ते सांगतात. माझी पत्नी तालुक्याच्या महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. मी रात्री तक्ते घेऊन बसलो होतो, तेव्हा तिने ते पाहिले आणि म्हणाली, ‘अहो, आमच्याकडे हा प्रश्न रंगनाथनांनी केव्हाच सोडवून ठेवलाय.’ ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत १९३३ सालची. पुस्तकाचा विषय, त्यातली क्रिया, स्थळ, काळ हे पैलू त्यात वेगवेगळे मांडतात आणि मग चिन्हांनी जोडतात. एका पैलूसाठी दुसऱ्याचा बळी द्यावा लागत नाही. कागदाच्या कार्डांवर जे जमले, ते तुमच्या सॉफ्टवेअरला का जमू नये, याचे उत्तर मला तुमच्या अभियंत्यांकडून हवे आहे, सेवा केंद्राच्या ठरावीक मजकुरातून नको.

आमची पहिली मागणी अशी, की मार्चमध्ये आम्ही दिलेला मूळ तक्ता पुन्हा चढवावा, पाचही स्तर जसेच्या तसे ठेवून, आणि बारा रोलर बारा म्हणून दिसावेत. मूळ तक्ता या पत्रासोबत पाठवत आहे. जागा, जात आणि हिशेबाचा गट यांसाठी तीन स्वतंत्र रकाने द्यावेत. तपासणीची मुदत यंत्राच्या क्रमांकाशी बांधावी, म्हणजे यंत्र कुठेही हलवले तरी ती त्याच्याबरोबर जाईल. वर्ग हलवताना किंवा एकत्र करताना काय काय बदलणार आहे, ते आधी दाखवून संमती घ्यावी. आणि मार्चपासून आजवर कोणत्या नोंदी आपोआप एकत्र झाल्या, त्याची संपूर्ण यादी द्यावी. ती यादी मिळाल्याशिवाय बाकीचे दुरुस्त झाले, असे आम्ही धरणार नाही.

हे काम १५ सप्टेंबरपर्यंत व्हायला हवे. त्यानंतर आमच्याकडे मिल सेटिंग सुरू होते आणि पुढे बॉयलर अग्निप्रदीपनाची, म्हणजे नव्या हंगामासाठी बॉयलर पेटवण्याची, तयारी. तोपर्यंत पुढील वर्षाचे नूतनीकरण शुल्क थांबवावे, असे मी लेखा विभागाला लेखी कळवले आहे. तुमचा अभियंता इथे पाठवणार असाल, तर त्याच्या राहण्याची सोय कारखान्याच्या अतिथिगृहात करू. मिल हाउसमधले दोघे फिटर त्याच्यासोबत बसायला तयार आहेत आणि रोलरची जुनी हिस्टरी कार्डे मी कपाटातून काढून टेबलावर ठेवली आहेत.

आपला,
देखभाल नियोजन अधिकारी