नोंदवहीतल्या त्या एका आकड्यासाठी

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

त्या शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या प्रयोगशाळेतून निघताना आभाराचे दोन शब्दही मला धड बोलता आले नव्हते. दादर स्टेशनच्या पुलावर पोचेपर्यंत डोळे सारखे भरून येत होते, आणि रात्री पुण्याला घरी आल्यावर आईने काय झाले म्हणून विचारले तेव्हा 'काही नाही, बरंच झालं' एवढेच सांगता आले. आज दोन महिने उलटले तरी ते आभार मनात तसेच राहिले आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर लिहीत आहे, कारण प्रयोगाच्या रिकाम्या आलेखाकडे, म्हणजे प्लॉटकडे, बघत स्वतःला दोष देणारी मी एकटीच नसेन याची मला खात्री आहे.

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या रक्तात सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, किती आहेत हे मोजणे, हे माझ्या पीएचडीचे काम. हा विषाणू आपल्याकडच्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात मुकाट्याने वस्तीला असतो. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे सुरू झाली की तो डोके वर काढतो, आणि त्याला आवर घालणाऱ्या पेशी शरीरात पुरेशा आहेत की नाहीत यावर रुग्णाचे पुढचे बरेच काही अवलंबून असते. टेट्रामर नावाच्या, नेमक्या त्याच पेशींना चिकटून चमकणाऱ्या साधनाच्या मदतीने त्या मोजायच्या म्हणून मी बसले होते, आणि तीन महिने मला काहीही दिसत नव्हते.

तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. टी पेशीला विषाणू अख्खा दिसत नाही. आपल्याच पेशीवरच्या एचएलए या प्रथिन-रेणूच्या खोबणीत धरलेला त्याचा एक छोटा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, तेवढाच तिला ओळखता येतो. टी पेशी विषाणूला आपल्याच पेशीवरच्या अशा रेणूसोबतच ओळखते, ही गोष्ट डोहर्टी आणि झिंकरनागेल या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात दाखवून दिली आणि त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल मिळाले. योगायोग असा, की त्याच १९९६ मध्ये जॉन ऑल्टमन, मार्क डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ओळखीचा उपयोग करून टी पेशी थेट रंगवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. पेप्टाइडसह एक सुटा एचएलए रेणू टी पेशीला लावला तर पकड इतकी सैल असते की ती काही सेकंदांत सुटते. म्हणून त्यांनी असे चार रेणू बायोटिन या जीवनसत्त्वाच्या आधाराने स्ट्रेप्टॅव्हिडिन या त्याला घट्ट धरणाऱ्या प्रथिनाला बांधले आणि त्याला चमकणारा रंग जोडला; हाच टेट्रामर. चार हातांनी धरल्यावर पकड टिकली, आणि लाखो पेशींच्या गर्दीतली नेमकी तीच पेशी फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिची चमक मोजणाऱ्या यंत्रावर, उजळून दिसू लागली.

आमच्या टेट्रामरचा रंग फायकोएरिथ्रिन होता. हे प्रथिन लाल शैवालात सापडते, सुंदर गुलाबी दिसते आणि अतिशय नाजूक असते. ते अंधारात, चार अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचे आणि कधीही गोठवायचे नाही, असे सोबतच्या कागदावर स्वच्छ छापलेले असते. आमचा माल आणणाऱ्या एजंटने वाहतुकीचा खर्च वाचवण्यासाठी टेट्रामरची नळी दुसऱ्या कोणाच्या तरी एन्झाइमसोबत ड्राय आइसच्या, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या, खोक्यात घालून पाठवली. मी नळी हातात घेतली तेव्हा आतला द्रव दगडासारखा घट्ट झालेला होता. मी लगेच फोन केला, तेव्हा 'वितळू द्या, काही होत नाही, सगळे असेच वापरतात' असे मला सांगण्यात आले. काहीच दिसत नाही म्हणून पुन्हा फोन केला, तेव्हा माल गोदामातून उत्तम स्थितीत निघाला होता असे उत्तर आले. तिसऱ्या वेळी त्यांच्या तंत्रज्ञाने माझ्या पेशी मेलेल्या असणार असे निदान फोनवरच, एकही प्लॉट न बघता केले. आणि आमच्याच विभागातल्या एका ज्येष्ठ व्यक्तीने चार जणांसमोर 'हिचा हात अजून बसलेला नाही' असे म्हटले. मॅडम, त्या तिन्ही फोनपेक्षा हे वाक्य मला जास्त लागले, कारण तोवर माझाही त्यावर विश्वास बसू लागला होता.

या सगळ्यात आमच्या रुग्णांचा विचार माझी पाठ सोडत नव्हता. सातारा जिल्ह्यातले एक आजोबा दर तपासणीला दहा मिलिलिटर रक्त देतात आणि प्रत्येक वेळी विचारतात, 'बाई, आमच्या रक्तात काही घावलं का?' दर वेळी त्यांना 'अजून बघतोय' असे सांगताना मला त्यांच्याकडे मान वर करून बघवत नसे.

मग एका परिषदेत चहाच्या वेळी झालेल्या पाच मिनिटांच्या ओळखीवर मी तुम्हाला मेल लिहिली. त्याच रात्री तुमचे उत्तर आले: 'नळी कुरिअरने पाठवू नका. बर्फाला टेकणार नाही अशी ठेवा आणि स्वतः घेऊन या.' थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक, त्यावर स्पंजचा जाड तुकडा आणि त्या तुकड्याला पाडलेल्या भोकात फॉइलमध्ये गुंडाळलेली नळी, असा तो डबा मांडीवर घेऊन मी सकाळच्या डेक्कन क्वीनने मुंबईला आले. घाटातल्या बोगद्यांत गाडी हलली की मी दोन्ही हातांनी तो डबा धरत होते. नळी आधीच निकामी झालेली आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

त्या दिवशी तुम्ही बरेच काही केलेत, पण माझ्या मनात ठसलेली गोष्ट अगदी लहान आहे, आणि ती तुमच्या स्वतःच्या लक्षातही नसेल. तुम्ही, दात्यांच्या पेशी गोठवून ठेवायच्या द्रव नायट्रोजनच्या टाकीशेजारची ती निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली नोंदवही उघडलीत. एका दात्याच्या ओळीवर बोट ठेवून म्हणालात, 'यांच्या पेशी नक्की पॉझिटिव्ह आहेत, मी पाच-सहा वेळा बघितल्या आहेत.' पॉझिटिव्ह म्हणजे टेट्रामरने हमखास उजळणाऱ्या पेशी त्यांच्यात होत्या. मी ती ओळ वाचली. शिल्लक नळ्या: ४. तो दाता परदेशी गेला आहे आणि त्याचे रक्त आता पुन्हा मिळणार नाही, हे तुमच्या विद्यार्थ्याने मला आदल्याच तासाला सांगितले होते. मी 'मॅडम, नको' म्हणाले असेन किंवा नुसते ओठ हलवले असतील, आता नीट आठवत नाही. तुम्ही चारवर आडवी रेघ मारलीत, शेजारी तीन लिहिलेत, आणि 'कारण' या रकान्यात, जिथे वरपर्यंत सगळीकडे इंग्रजीत प्रकल्पांचे क्रमांक होते, तिथे मराठीत एकच शब्द लिहिलात: 'शंकानिरसन'.

परक्या संस्थेतल्या, पाच मिनिटांच्या ओळखीच्या मुलीची शंका हे तुमच्या नोंदवहीत एक नळी खर्ची घालण्याइतके रास्त कारण ठरले. तीन महिन्यांत माझी शंका कोणी लिहून घेण्याच्या लायकीची मानली नव्हती, मॅडम.

पुढचे सांगायला फारसे नाही. त्याच पेशी दोन भागांत वाटून एका भागाला तुमचा टेट्रामर आणि दुसऱ्याला माझा लावला. दुपारी अडीचच्या सुमारास पडद्यावर शेजारी शेजारी दोन प्लॉट आले. डावीकडे, तुमच्या टेट्रामरच्या प्लॉटवर, बाकीच्या सीडी-८ पेशींपासून (टी पेशींच्या ज्या प्रकारात आम्ही शोधत होतो त्यांपासून) स्पष्ट सुटलेला एक छोटा, घट्ट पुंजका होता. उजवीकडे काहीच नव्हते, खालच्या बाजूला नुसता एक फिकट पसारा. तुम्ही खुर्ची माझ्याकडे वळवलीत आणि म्हणालात, 'पेशी त्याच, हात तुझेच, मशीन एकच. आता सांग, चूक कुणाची?' दोन्ही नळ्यांचे स्टेनिंग, म्हणजे पेशी रंगवण्याचे काम, तुम्ही मुद्दाम माझ्याकडून करून घेतले होते, हे मला तेव्हा उमगले.

परतीच्या गाडीत मला एक जुनी हकिकत आठवत राहिली. टेट्रामर येण्यापूर्वी विषाणूविरोधी टी पेशी मोजण्याची मुख्य पद्धत अशी होती, की प्रयोगशाळेतल्या बशीत ज्या पेशी वाढतील तेवढ्याच धरायच्या. त्यामुळे संसर्गाच्या भरात दिसणाऱ्या बहुतेक पेशी बिनकामाच्या, गर्दीत सापडलेल्या बघ्या आहेत असे मानले जाई. १९९८ मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठात मुरली-कृष्ण, रफी अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये टेट्रामर वापरून दाखवले, की त्या सक्रिय पेशींपैकी निम्म्याहून जास्त नेमक्या त्या विषाणूविरुद्धच लढत असतात. पेशी पहिल्यापासून तिथे होत्या. त्यांना बघणारे साधन अपुरे होते. ही गोष्ट मी एम.एस्सी.ला शिकले होते आणि परीक्षेत लिहिलीही होती, पण तिचा अर्थ मला तुमच्या त्या दोन प्लॉटसमोर बसल्यावर कळला.

निघताना तुम्ही आणखी एक प्रश्न विचारलात, तो आमच्या सगळ्या प्रकल्पाला पुरून उरला: 'तुमच्या दात्यांचं टायपिंग किती अंकी आहे?' टायपिंग म्हणजे दात्याचा एचएलए रेणू नेमका कोणत्या प्रकाराचा ते तपासणे; जितके अंक जास्त तितका उपप्रकार नेमका कळतो. आमच्याकडे नुसते 'ए-टू' एवढेच लिहिलेले होते. बाजारात सर्रास मिळणारा टेट्रामर ०२:०१ या उपप्रकाराचा असतो, कारण युरोपीय वंशाच्या लोकांत तोच सर्वांत जास्त आढळतो. आपल्याकडच्या ए-टू लोकांत मात्र ०२:११ सारखे उपप्रकार मोठ्या प्रमाणावर आहेत, आणि खोबणीतला थोडासा फरकही पेप्टाइडची बैठक बदलू शकतो. भारतातल्या प्रयोगशाळेला हा माल विकताना तुमचे दाते कोणत्या उपप्रकाराचे आहेत असे एकदाही न विचारणाऱ्यांचा मला आजही राग येतो. यात प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. उद्या एखाद्या रुग्णाच्या रक्तात संरक्षक पेशी नाहीत असे आम्ही लिहून बसलो असतो आणि त्या प्रत्यक्षात असत्या, तर त्याच्यावरचे उपचार त्या चुकीच्या कागदावर ठरले असते.

माझ्या आजीच्या गावाकडे एक रीत होती. शेजारणीकडून विरजण आणायला गेलेल्या मुलीला कोणी रिकाम्या वाटीने परत पाठवत नसे. स्वतःच्या घरात चमचाभरच उरले असले तरी त्यातले अर्धे दिले जाई, आणि दिल्याचे कोणी बोलून दाखवत नसे. पेशी वाटून घेण्याची तुमची पद्धत मला तशीच वाटली.

आता इकडची खबर. नवी नळी आली ती जेल पॅकमध्ये, स्पंजच्या बैठकीवर, गुलाबी आणि प्रवाही अवस्थेत आली. सर्व दात्यांचे टायपिंग आम्ही चार अंकी करून घेतले आणि ज्यांचे ०२:०१ निघाले त्यांच्यापासूनच पुन्हा सुरुवात केली. तुम्ही सुचवल्याप्रमाणे टेट्रामर वापरण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गुठळ्या खाली बसवते, आणि पेशींना अर्धा तास डॅसॅटिनिब हे औषध देते, म्हणजे टेट्रामर ज्यांना चिकटतो ते त्यांच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर आत ओढले जात नाहीत. साताऱ्याच्या आजोबांचे टायपिंग ०२:०१ आले. त्यांच्या रक्तात पुंजका दिसला, लहान पण स्वच्छ. गेल्या तपासणीला त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा मी 'घावलं, आजोबा' असे सांगितले. ते हसले आणि दुसरी बाही वर करू लागले.

पेशींना ड्राय आइस चालतो, टेट्रामरला चालत नाही, हे आमच्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगते. आमच्या टाकीतल्या एका निरोगी, ०२:०१ उपप्रकाराच्या आणि खात्रीने पॉझिटिव्ह असलेल्या दात्याच्या पेशींच्या दोन नळ्या मी तुमच्यासाठी वेगळ्या काढल्या आहेत. दात्याची संमती आहे; आचार समितीची परवानगी हाती आली की पुढच्या महिन्यात मी स्वतः घेऊन येईन. आमच्या नोंदवहीत 'कारण' हा रकाना नव्हता, तो मी आखून घेतला आहे.

आपली कृतज्ञ,
पुण्याची एक संशोधक विद्यार्थिनी