घरबसल्या समुपदेशन, पण घरात बसायचे कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला ऑनलाइन समुपदेशनावरचा लेख वाचला. फी किती, ॲप कोणते, समुपदेशक कसा निवडावा, सगळे त्यात आले. बोलायचे कुठे, तेवढे राहिले. घरबसल्या सोय झाली, असे लेखिका म्हणतात. ज्यांच्या घरात स्वतंत्र खोली आहे, त्यांची झाली.

आमचे घर कराडात. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. यजमान निवृत्त, सासूबाईंना विस्मरणाचा आजार, मुलगी बारावीला. मी पतसंस्थेत नोकरी करते. गेल्या वर्षी माझी चिडचिड इतकी वाढली, की सासूबाईंनी "मी जेवले का गं?" असे पुन्हा विचारले की हातातले भांडे ओट्यावर आपटायचे. रात्री झोप नाही, सकाळी कामावर डोके जड. हा काही आजार नव्हे, मग डॉक्टरकडे कशाला जायचे, असे वाटे. नणंदेच्या ओळखीने पुण्यातल्या एक समुपदेशक बाई मिळाल्या. एसटीने पुण्याला जाऊन यायचे म्हणजे अख्खा दिवस मोडणार, शिवाय सासूबाईंपाशी कोणाला तरी बसवायला हवे. तेव्हा फोनवर बोलायचे ठरले. रेंज असेल त्या दिवशी व्हिडिओवर.

उपयोग झाला का? झाला. बाईंनी उपदेश केला नाही, इथूनच फरक पडला. त्यांनी वही घालायला सांगितली. राग येण्याआधी काय घडले, मनात कोणते वाक्य आले, मग मी काय केले, एवढेच त्यात लिहायचे. त्रास घटनेने होत नाही, तिच्याबद्दल आपण मनात जे म्हणतो त्याने होतो, असे मानणारी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मराठी वाचकांना नवी नाही. हे त्याच वळणाचे. वही भरत गेली तसे दिसले, की भांडी आपटतात ती बहुतेक संध्याकाळी, मी कामावरून आल्या आल्या, चहासुद्धा पोटात जायच्या आत. आणि मनातले वाक्य सासूबाईंबद्दल नसायचेच. ते असायचे, "दिवसभर घरी असलेल्या माणसाला एवढे कळू नये?" वड्याचे तेल वांग्यावर निघत होते. (पुढे हे वाक्य यजमानांना तोंडावर सांगितले. आता संध्याकाळचा चहा तेच टाकतात, आणि हे पत्रही त्यांना दाखवूनच पाठवते आहे.) पण त्या वेळी प्रश्न असा होता, की हे वाक्य बाईंना सांगायचे कसे? ज्यांच्याबद्दल आहे, ते पडद्यापलीकडे पेपर वाचत बसलेले!

बाईंचा पहिला प्रश्न दर वेळी ठरलेला असे: "आत्ता कुठून बोलताय? जवळ कोणी आहे का?" हेडफोन लावला की त्यांचा आवाज घरात ऐकू येत नाही, माझा येतो, त्याचे काय करायचे? गच्चीवर जावे तर शेजारच्या काकू वाळवण राखायला बसलेल्या. न्हाणीघरात नळ सोडून बोलणाऱ्या बायका आहेत, हे बाईंनीच सांगितले. मी प्रीतिसंगमाच्या बागेत जाऊन पाहिले. बोलणे कुठे रंगात येते तोच ओळखीच्या वहिनी हजर. "अगं बाई, एकटीच? घरी सगळं ठीक ना?" डोळे पुसायचे की हसून साजरे करायचे, कळेना. शेवटी आम्ही एक खुणेचे वाक्य ठरवले. "व्याजाचा हिशोब उद्या देते" असे मी म्हटले की कोणीतरी आले आहे हे बाई ओळखत आणि गप्प होत. पतसंस्थेतल्या बाईच्या तोंडी ते शोभूनही गेले. चॅटवर लिहून बोलायची सोय असते, मान्य. पण आमच्याकडे फोनला पासवर्ड घातला की त्याचीच चर्चा होते.

गोपनीयतेबद्दल कायदा गप्प नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम २३ रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगते. अमेरिकेत बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने लोकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिली, असा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. तेव्हा ही भीती खोटी नाही. पण माझ्यासारखीचे बोलणे फुटते ते सर्व्हरमधून नव्हे, स्वयंपाकघराच्या पडद्यातून.

ज्यांना खासगी फी झेपत नाही, त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. लेखात याचा उल्लेख हवा होता. खासगीत जाणाऱ्यांनी समोरच्याचे शिक्षण विचारायला संकोच करू नये. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ती पाहावी. मात्र १४४१६ लावायचा तरी आधी दार लावून घ्यावे लागते, आणि दार नसलेल्या घरांचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

माझी सूचना साधी आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांत, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रांत, ई-संजीवनी या ऑनलाइन सेवेवरून रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांशी बोलायला देतातच. तिथेच आठवड्यातून काही तास एक खोली मोकळी ठेवता येईल. त्याहून सोयीची मला वाचनालये वाटतात. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालये गावोगाव आहेत आणि बाईमाणूस तिथे गेले तर कोणी "कशाला?" म्हणून विचारत नाही. आतून कडी असलेली लहानशी खोली, एक खुर्ची, पंखा. बाहेरच्या वहीत फक्त वेळ लिहायची. नाव नाही, कारण नाही. 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी मात्र कृपा करून लावू नये, कोणी फिरकायचे नाही. 'फोनची खोली' म्हणा. परदेशातल्या मुलाशी बोलणारे आजोबा, ऑनलाइन मुलाखत देणारी पोरे यांचीही सोय होईल आणि कोण कशासाठी आत गेले हे कळणार नाही.

ओळखीच्या एका वाचनालयाच्या कार्यवाहांकडे मी विषय काढला. ते म्हणाले, "वहिनी, दार लावून आत कोण काय करतंय, याची जबाबदारी कोणी घ्यायची?" प्रश्न अगदीच गैर नाही. दाराला वरच्या बाजूला काच बसवा, माणूस दिसेल आणि आवाज बाहेर येणार नाही, असे मी सुचवले. विषय कार्यकारिणीपुढे ठेवतो म्हणाले. अजून ठेवलेला नाही. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिकेत प्लायवूडची पार्टिशने घालायला याच कार्यकारिणीला एक बैठक पुरली होती. इतर कुठल्या गावच्या वाचनालयाने अशी खोली दिली असेल, तर तिथल्या वाचकांनी आपल्या पत्रातून जरूर कळवावे. कार्यवाहांना कात्रण नेऊन दाखवता येईल.

– एक वाचक, कराड
(पतसंस्थेतल्या सहकाऱ्यांमुळे नाव छापू नये, ही विनंती.)