बंदूक तुमच्या मालखान्यात, चोर आमच्या घरात

प्रति,
मा. गृहमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातला एक काजू-आंबा बागायतदार. शेतीसंरक्षणासाठी माझ्याकडे एकनळी काडतुसाची बंदूक आहे. परवाना आधी वडिलांच्या नावे होता, ते गेल्यावर रीतसर माझ्या नावावर झाला. दोन पिढ्यांत त्या बंदुकीनं माणसावर नेम धरलेला नाही. जिल्हा परिषदेच्या आचारसंहितेत ती पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितली, मी निमूट केली. निकालानंतर आठवडाभरात परत मिळेल, असा शब्द मिळाला होता. केंद्रीय निवडणूक आयोगाच्या सूचनाही तशाच आहेत. निकाल लागला, गुलाल उडाला, काजूचा हंगाम सरत आला. बंदूक अजून तुमच्याच ताब्यात.

एवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. सरकारी कामाला वेळ लागतो हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे.

गेल्या पंधरवड्यात आमच्या घरी चोरी झाली. आमचं घर वाडीपासून सुटं, बागेतच. मुलगा पुण्याला, घरात आम्ही दोघंच म्हातारे. मागच्या पडवीच्या दाराची कडी उचकटून दोघे आत आले. मांगरातली काजूबियांची पोती त्यांनी आधीच बाहेर काढली होती, म्हणजे घाई अजिबात नव्हती. बायकोच्या गळ्यातलं ओढताना तिला ढकललं, ती उंबऱ्यावर पडली आणि मनगट मोडलं. मी ओरडलो. ऐकायला होतं कोण? गडग्यापलीकडची दोन्ही घरं मुंबईकरांची, गणपतीला उघडतात.

सकाळी पंचनामा झाला. सगळं लिहून झाल्यावर मला विचारलं, "काका, तुमच्याकडे बंदुकीचा परवाना आहे ना?"

आहे. परवाना कपाटात आहे.

बंदूक असती तर मी माणूस मारला असता असं नाही. खिडकीतून आभाळात एक बार काढला असता, पोती टाकून पळाले असते. "बंदूक असती तर त्यांनीच हिसकावली असती," असं शहरातले शहाणे नातेवाईक फोनवर सांगतात. हिसकावली असती कदाचित. पण ते ठरवायची संधी तरी मला होती का? रात्री घर फोडून आत शिरणाऱ्यापासून स्वतःचा बचाव करायचा हक्क जुन्या भारतीय दंड संहितेत होता, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही आहे. हक्क ठेवला आणि साधन जमा करून घेतलं.

चौकशीला गेलो तेव्हा मालखान्याच्या दारातून माझी बंदूक दिसली. भिंतीला टेकवून ठेवलेल्या बंदुकांच्या राशीत. चापाच्या कडीला सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली, तिच्यावरची शाई दमटपणानं पसरलेली आणि नळीवर तांबूस ठिपके. वडील गजाला तेलाची चिंधी बांधून नळी स्वतः साफ करायचे, कुणाला हात लावू देत नसत. "वरून आदेश नाही," असं मला सांगण्यात आलं. वर म्हणजे कुठे, हे खाली कुणालाच माहीत नसतं.

हे पहिल्यांदा घडत नाही. 2024 ची लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि जूनपर्यंत चालली. म्हणजे काजू आणि आंबा, दोन्ही हंगाम गेले. विधानसभेच्या वेळी भात कापणीला आलेलं. माकडं, गवे, रानडुकरं आचारसंहिता पाळत नाहीत. दोडामार्गात तर 2002 पासून हत्ती आहेत. रानडुकराला मारायचं झालं तरी वनखात्याची परवानगी लागते, तेव्हा आम्ही बंदूक वापरतो ती बहुतेक आवाजापुरतीच. तो आवाजही तुम्ही जमा करून घेता. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं 2009 मध्येच सांगितलंय की, सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घेऊ नका, छाननी समितीनं एकेकाचा विचार करावा. माझा विचार कोणत्या समितीनं केला? एकसारख्या छापील नोटिसा येतात, फक्त नाव पेनानं भरलेलं.

बरं, बंदुकीचा धोका कुणाकडून आहे? 2024 च्या फेब्रुवारीत उल्हासनगरला पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात गोळीबार झाला. आरोपी सत्ताधारी पक्षाचा आमदार. त्याच वर्षी मुळशीत शेतकऱ्यांवर पिस्तूल रोखणाऱ्या बाईंचा व्हिडिओ अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिला. बीडमध्ये बाराशेच्या वर परवाने असल्याचं सरपंचाच्या खुनानंतर बाहेर आलं, मग धडाधड रद्द करायला सुरुवात झाली. ते दिले कुणी होते? आणि 2025 मध्ये पुणे पोलिसांनी नाकारलेला परवाना एका टोळीप्रमुखाच्या भावाला अपिलात मंजूर झाला, तोही तुमच्याच खात्यात. बोभाटा झाला म्हणून हातात पडला नाही एवढंच.

मी अमेरिकेसारखं करा म्हणत नाही. तिथं माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत आणि 2022 मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत 19 मुलं गेली. तसलं काही इथं नको. परवाना कडकच हवा, तपासणी हवी. पण केंद्राच्या 2016 च्या आकड्यांत उत्तर प्रदेशात पावणेतेरा लाख परवाने आणि महाराष्ट्रात 84 हजार. या 84 हजारांतले किती आमच्यासारखे शेतकरी? गुन्ह्यांत सापडतात ती बहुतेक गावठी कट्टे आणि विनापरवाना पिस्तुलं. ती कुणी आचारसंहितेत आणून जमा करतो का? कायदा पाळणाऱ्याचीच बंदूक तुम्हाला सापडते, कारण तिचा पत्ता त्यानं स्वतः दिलेला असतो.

तुमच्या पुढेमागे बंदूकधारी असतात, असावेत, पद मोठं आहे. निवडणुकीत त्यांची हत्यारं कुणी सुतळीनं बांधून ठेवत नाही. आमची सुरक्षा म्हणजे 112 नंबर, आणि आमच्या बागेत रेंज घ्यायला आंब्याच्या वरच्या मळीत चढावं लागतं. मनगट मोडलेली बाई घरात ठेवून मी त्या रात्री तिथं चढलो होतो. हे सगळं तुम्हाला सांगून काय होणार, कोण जाणे. हे पत्र वाचणारा तुमचा स्वीय सहायक ते जिल्ह्याला "योग्य त्या कार्यवाहीसाठी" पाठवील, जिल्हा तालुक्याला, आणि तालुक्यातून मला फोन येईल की तक्रार मागे घ्या.

मागणी साधी आहे. शेतीसंरक्षणाच्या बंदुका जमा करायच्या असतील तर प्रत्येकाला लेखी कारण द्या, परत करण्याची तारीख पावतीवर लिहा, आणि ती चुकली तर जबाबदार कोण, हेही लिहा.

तोवर माझी एक अडचण सोडवा. परवान्याची मुदत संपत आली आहे. नूतनीकरणासाठी शस्त्र तपासणीला घेऊन हजर राहावं, अन्यथा कारवाई होईल, असं पत्र मला काल मिळालं. बंदूक कुठून आणू?

आपला,
सिंधुदुर्गातला एक परवानाधारक