उभं राहायचं की नाही, हे ठरवतं कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शनिवारच्या (१ ऑक्टोबर २०२२) अंकात पहिल्या पानावर काँग्रेस अध्यक्षपदाची बातमी आणि आत अर्धं पान, दोन्ही वाचलं. गेला पंधरवडा तुमच्याकडे हेच चाललंय. राजस्थानचे मुख्यमंत्री गेहलोत उभे राहणार, मग नाही राहणार. दिग्विजय सिंह यांनी गुरुवारी अर्ज नेला आणि शुक्रवारी ते दुसरे उमेदवार मल्लिकार्जुन खर्गे यांचे सूचक झाले. कोण कोणाच्या बंगल्यावर किती वाजता गेलं, किती वेळ बसलं, सगळं छापलंत. पण यांच्यापैकी कोणी निर्णय घेण्याआधी पक्षाच्या एखाद्या साध्या सभासदाला विचारलं का, हा प्रश्न एकाही बातमीत नाही. ते खटकलं म्हणून लिहिते आहे.

गेहलोत यांचा मला राग आला, तो लपवत नाही. देशातल्या सगळ्यांत जुन्या पक्षाचं अध्यक्षपद समोर आणि या गृहस्थांचा जीव जयपूरच्या खुर्चीत! 'एक व्यक्ती, एक पद' हे मे महिन्यात त्यांच्याच राज्यात, उदयपूरच्या शिबिरात ठरलं होतं. २५ सप्टेंबरला त्यांच्या बाजूच्या आमदारांनी, त्यांच्या जागी सचिन पायलट नकोत म्हणून, राजीनामे नेऊन दिले. चार दिवसांनी गेहलोत यांनी १० जनपथवर जाऊन सोनिया गांधींची माफी मागितली आणि आपण लढणार नसल्याचं सांगितलं. अध्यक्ष झाल्यावर पक्षासाठी काय करणार होते, हे मात्र एवढ्या बातम्यांत कुठे माझ्या वाचनात आलं नाही. शशी थरूर यांच्याबद्दल तुमच्या स्तंभलेखकांनी काहीही लिहिलं असो, त्या माणसाने निदान उभं राहायचं ठरवलं आणि अर्ज भरला. त्याचं मला कौतुक आहे.

आता यादीचं. मतदार असलेल्या प्रतिनिधींची यादी जाहीर करा, अशी मागणी थरूर आणि मनीष तिवारी यांनी केली होती. अर्जाला दहा प्रतिनिधी सूचक लागतात. प्रतिनिधी कोण तेच माहीत नसेल, तर सूचक शोधायचे कुठे? त्यावर पक्षाच्या निवडणूक प्राधिकरणाचे प्रमुख मधुसूदन मिस्त्री म्हणाले की ज्याला अर्ज भरायचा आहे, त्याने २० सप्टेंबरपासून दिल्लीच्या कार्यालयात येऊन यादी पाहावी. विषय तिथेच मिटवला गेला. २०२० च्या ऑगस्टमध्ये ज्या २३ नेत्यांनी पक्षात निवडणुका घ्या म्हणून पत्र लिहिलं, त्यांत तिवारी होते, आपले पृथ्वीराज चव्हाणही होते. आज दोघांच्या सह्या खर्गे यांच्या अर्जावर आहेत. सही कोणाच्या अर्जावर करायची हा ज्याचा त्याचा हक्क. पण यादी सगळ्यांना उघडी झाली नाही, ती नाहीच.

यादी कपाटात ठेवली की काय होतं, ते मी भोगलंय. पक्षाचं नाव लिहीत नाही. पोलचिटा वाटण्यापासून मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेरच्या टेबलावर बसण्यापर्यंत सगळं मी त्या पक्षासाठी केलं. चाळीच्या गॅलरीत बसून आम्ही बायका रात्री बारा-बारा वाजेपर्यंत चिटा वेगळ्या करायचो. सभासद नोंदणीच्या पावत्या मी घरोघर जाऊन फाडल्या. पुढे संघटनेच्या निवडणुका जाहीर झाल्या, तेव्हा मी वॉर्ड अध्यक्षपदाला उभं राहायचं ठरवलं. उगाच ठरवलं नाही. ज्यांच्या पावत्या फाडल्या होत्या, त्यांच्याकडे पुन्हा गेले. उभी राहू का, राहिले तर आधी काय हातात घेऊ, असं एकेकीला विचारलं. बहुतेकींनी पाणी सांगितलं, काहींनी मंडईमागचा कचरा. "राहा गं, आम्ही आहोत," म्हणाल्या.

कार्यालयात जाऊन मतदारांची यादी मागितली. "ताई, यादी वर गेलीय." अर्ज मागितला, तर "फॉर्म अजून आलेच नाहीत, आले की निरोप देतो." मी रोज संध्याकाळी जाऊन विचारायचे. एका संध्याकाळी कोपऱ्यावरून वळले तर फटाक्यांचा आवाज आणि नव्या वॉर्ड अध्यक्षांच्या गळ्यात हार. एकमताने निवड! एकमत कधी झालं म्हणून विचारलं, तेव्हा मला रजिस्टर दाखवलं. वर निवडीचा ठराव वेगळ्या शाईत लिहिलेला आणि खाली ओळीने सह्या, त्यांत माझीही. ती सही मी हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला हजेरी म्हणून केली होती. वरच्या ओळी तेव्हा कोऱ्या होत्या. मी तिथेच, सगळ्यांसमोर हे बोलले. कोणी मान वर केली नाही. वरिष्ठांना लेखी तक्रार पाठवली, तिचं उत्तर अजून आलेलं नाही.

त्यामुळे आत्ता राज्याराज्यांतून 'राहुलजींनीच अध्यक्ष व्हावं' असे एकमताचे ठराव आले, ते वाचताना मला ते रजिस्टरच दिसत होतं.

मी राहते तिथून गवालिया टँक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १८८५ साली तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले आणि काँग्रेस सुरू झाली. त्या पक्षाला निवडणूक नवीन नाही. १९३९ मध्ये सुभाषबाबूंना १,५८० आणि पट्टाभी सीतारामय्यांना १,३७७ मतं पडली होती. गांधीजी पट्टाभींच्या बाजूने होते, तरी मतदान झालं. १९५० मध्ये टंडन, कृपलानी आणि आपले शंकरराव देव असे तिघे उभे होते, टंडन निवडून आले आणि नाशिकच्या अधिवेशनात अध्यक्षस्थानी बसले. १९९७ मध्ये केसरींना ६,२२४ आणि शरद पवारांना ८८२ मतं मिळाली. पवार हरले, पण उभे राहिले होते. तेच पवार गेल्या महिन्यात दिल्लीत स्वतःच्या पक्षाचे पुन्हा अध्यक्ष झाले, बिनविरोध. भाजपचे नड्डा २०२० मध्ये बिनविरोधच आले. शिवसेना कोणाची, याचा निकाल तर आता निवडणूक आयोग देणार आहे. शाखाशाखांतून झिजलेल्या शिवसैनिकाने मतपत्रिकेवर तो कधीच दिला असता, पण ती त्याच्या हातात कोणी दिली नाही.

ऋषी सुनक ब्रिटनचे पंतप्रधान होणार का, यावर तुम्ही महिनाभर रकानेच्या रकाने लिहिलेत. तिथे त्यांच्या पक्षाच्या वर्गणी भरणाऱ्या सभासदांनी मतं दिली, लिझ ट्रस यांना ८१,३२६ आणि सुनक यांना ६०,३९९. त्याआधी दोघांनी गावोगाव सभासदांसमोर उभं राहून प्रश्नांना उत्तरं दिली. हे तुमच्याच अंकात वाचलं. मग इथे पाच रुपये भरून सभासद झालेल्याला मत का नाही, नऊ हजारांवर प्रतिनिधींनाच का आणि ते प्रतिनिधी नेमले कोणी, हे तुमच्या दिल्लीच्या वार्ताहराने एकदा तरी विचारायला हवं होतं. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा मतदार यादी आधी नोटीस बोर्डावर लागते आणि हरकती मागवतात.

१७ तारखेला मतदान आहे. तोवर मुंबईतले प्रतिनिधी कोण, ते कोणत्या बैठकीत आणि किती मतांनी निवडून आले, एवढं तरी छापा. उमेदवार दादरला टिळक भवनात आले, तर कोणी शाल दिली याच्याबरोबर त्यांनी कोणत्या कार्यकर्त्याच्या कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिलं, तेही लिहा.

आणि अध्यक्षपदाला एवढी जागा देता, तर महापालिकेलाही द्या. ७ मार्चपासून मुंबईला नगरसेवक नाहीत, प्रशासक आहेत. शेवटचं मतदान २०१७ च्या फेब्रुवारीत झालं. वॉर्ड २२७ चे २३६ झाले, पुन्हा २२७ झाले, मतदानाची तारीख मात्र नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराची फरशी खचली आहे. पूर्वी नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन भांडता यायचं. आता वॉर्ड ऑफिसात तक्रार क्रमांक देतात आणि फरशी तशीच राहते. शाळेत जाणारी मुलं तिथूनच उड्या मारत जातात. निवडणूक कधी, हे मुख्यमंत्री आणि राज्य निवडणूक आयोग दोघांनाही विचारा आणि जे उत्तर मिळेल, ते पहिल्या पानावर छापा.

आपली,
एक जुनी वाचक, गिरगाव, मुंबई
(नाव प्रसिद्ध करू नये)