बीपी बघताना पेशंटला आधी नीट बसू द्या

मा. संपादक, नमस्कार.

मागच्या महिन्यात आईला (वय ७१) कोल्हापुरातल्याच एका दवाखान्यात नेलं होतं. लिफ्ट बंद, दोन जिने चढून आईला धाप लागलेली, आणि आत गेल्या गेल्या सिस्टरनी तिला त्या उंच टेबलावर बसवलं, पाय लोंबकळतायत, पाठीला टेका नाही, स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला आणि मशीन चालू असतानाच "मावशी, शुगर हाय काय, गोळ्या कुठल्या घेताय" हे पण चालू. आकडा आला १६८/९६. तोच केसपेपरवर गेला आणि डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. चार दिवसांनी पहाटे आईला गरगरलं, मोरीच्या दाराला धरून खाली बसली म्हणून वाचली.

मग दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी आधी विचारलं, चहा पिऊन किती वेळ झाला, बाथरूमला जाऊन यायचंय का. टेक असलेल्या खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसवलं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बाही वर. मिनिटभर थांबून परत एकदा बघितलं, नंतर उभं करून पण. ती वाढीव गोळी बंद केली. त्यानंतर आठवडाभर घरी तसंच बसवून बघतोय, वरचा आकडा १३४ च्या पुढं गेलेला नाही.

पाय लोंबते, हात अधांतरी, पेशंट बोलतोय, या प्रत्येकानं बीपी वाढीव दिसतं. पट्टा लहान असला तरी तेच, आणि आमच्या गावात तालमीत कमावलेले दंड काय कमी हायत का, पण बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना एकच पट्टा.

सिस्टर लोकांना दोष देत नाही, बाहेर गर्दी असते, त्यांनी तरी किती करायचं. पण पेशंट नाहीतरी बाहेर तासभर बसलेलाच असतो की! तिथंच कोपऱ्यात टेकाची एक खुर्ची, एक टेबल आणि दोन-तीन मापाचे पट्टे ठेवा, आणि आत बोलवायच्या आधीच बीपी बघा. याला खर्च तो कितीसा. शहरातल्या डॉक्टर मंडळींनी हे मनावर घ्यावं ही कळकळीची विनंती. आणि बीपीची मशीन अधूनमधून तपासून घेतात का, हे पण कुणीतरी सांगावं.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर