बावीसमधली चौथी प्रतिज्ञा

इंदोरा, नागपूर

चि. सुजातास,
सप्रेम जय भीम.

फोनवर तू विचारलंस, ‘बाबा, आपल्यात आणि मी लग्न करणार त्या नेल्सनच्या कॅथलिक घरच्यांत असा कितीसा फरक आहे? नीट वागा, असंच दोन्हीकडे सांगतात ना?’ तेव्हा मी हो-हो केलं, कारण तुझी आई शेजारीच बसली होती. आता निवांत लिहितो.

वागण्यापुरतं तुझं खरं आहे. हत्या, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं नको, हे पंचशीलात आहे तसं त्यांच्या दहा आज्ञांतही आहे. मद्य न घेण्याच्या पाचव्या शीलाची मात्र पंचाईत होणार. त्यांच्या वेदीवरच द्राक्षारस असतो. (आपल्या वरातींबद्दल मी न बोललेलं बरं.)

पण त्या आज्ञांची सुरुवातच ‘मी तुझा देव’ इथून होते. पंचशील आपल्याला कोणी फर्मावलेलं नाही. ते आपलं आपण घेतो. बुद्ध मार्गदाता, मोक्षदाता नव्हे, हे तू लहानपणापासून ऐकलंयस. त्यांची श्रद्धा नेमकी मोक्षदात्यावर आहे: देव माणूस झाला, आपल्या पापांसाठी क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. आता १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा देताना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली चौथी आठव. देवाने अवतार घेतला, यावर आपला विश्वास नाही. तिचा रोख राम-कृष्णांवर होता हे मान्य, पण येशूपुरती सूट तीत कुठे लिहिलेली नाही. तुझे आजोबा त्या दिवशी त्या गर्दीत होते, म्हणून मला हे सहज सोडवत नाही.

नेल्सनच्या आजीच्या मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) आपण वसईला गेलो होतो, तेव्हा सगळे रांगेत उभे राहून ती पांढरी गोल चकती घेत होते. आपल्याला ती भाकर दिसते, त्यांना ते साक्षात ख्रिस्ताचं शरीर. त्या रांगेत लागू नकोस. बाकावर बसून राहिलीस तर कोणी वाईट वाटून घेणार नाही; लागलीस तर घेतील.

एका गोष्टीचा मला हेवा वाटतो. त्यांचा माणूस कन्फेशनला जातो, फादरपुढे चूक बोलून दाखवतो आणि देवाच्या नावाने क्षमा घेऊन बाहेर पडतो. विहारात आपण फुलं वाहतो, मेणबत्ती लावतो, पण मागत काही नाही. ज्याचं वाईट केलं त्याच्याच दारात जावं लागतं.

आता व्यवहाराचं. चर्चमध्ये लग्न केलंत तरी तुला बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही. नेल्सनला मात्र बिशपांची परवानगी लागेल, आणि मुलांना बाप्तिस्मा देऊन कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करीन, असं वचन द्यावं लागेल. तुझ्याकडून वचन घेत नाहीत, फक्त तुला त्याची कल्पना देतात. तुझ्या जातीच्या दाखल्यावर लग्नाने परिणाम होत नाही, पण बाप्तिस्म्याने होतो. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्राने १९९० मध्ये दिल्या, ख्रिस्ती झालेल्यांना अजून नाहीत.

माझं मत विचारशील तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी करा, तीस दिवसांच्या नोटिशीने होतं. मग घरी वंदना घेऊ, आणि त्यांचे फादर आशीर्वादाला आले तर आनंदच आहे.

मुलांबद्दल नेल्सनशी स्पष्ट बोल आणि कळव. तोवर हॉलचा ॲडव्हान्स देणार नाही, असं आई म्हणते.

तुझे,
बाबा